चुडा नव्हे, टायरची तार

आमच्या तांड्यात सकाळी कोणाच्या घरी जातं फिरतंय हे पाहायला उठावं लागत नसे. बायकांच्या हातात मनगटापासून पार दंडापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्यांचा चुडा असायचा, आणि दळताना त्या एकमेकींवर आपटून खडखड वाजायच्या. माझी याडी, म्हणजे आई, घाईघाईने दळायची. तिचा आवाज एकसारखा यायचा. तांड्याच्या नायकाची म्हातारी दोन फेरे फिरवून थांबायची, मग पुन्हा दोन फेरे. गोधडीत पडल्या पडल्या मी सांगत असे की आता हिचं पीठ झालं, आता ती भाकरीला बसली. मात्र दिवसाआड आमच्या घरातून नुसती दगडाची घरघर यायची, खडखड नसायची. त्या दिवशी गमलीफुफी दळायला बसलेली असायची.

फुफी म्हणजे माझ्या बापूची धाकटी बहीण. तिचा नवरा तापाने गेला तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती. सासरच्या लोकांनी तेराव्याच्या आतच सांगून टाकलं की आता दिराच्या घरात बस. आमच्यात ती रीत होती, आणि त्या रीतीने सुखाने नांदलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तेव्हा मी काही रीतीला नावं ठेवायला बसलेले नाही. पण फुफी नाही म्हणाली. नाही म्हणणाऱ्या बाईसाठी रीतीत जागाच नव्हती, हे माझं भांडण आहे, आणि ते आज या वयातही मिटलेलं नाही. तिचा चुडा दगडाने फोडला होता. एक कपचा मनगटात घुसला, त्याची खूण शेवटपर्यंत राहिली. मग एक गाठोडं घेऊन ती सासरच्या तांड्यातून पायी आमच्याकडे आली.

ती आली त्या दिवशी आम्ही पोरं तिच्या हातांकडे बघतच राहिलो. तळहातामागचा भाग उन्हाने काळवंडलेला, आणि मनगटापासून वर, जिथे वर्षानुवर्षं चुडा होता तिथे कातडी फिकट, पिवळसर, आजारी माणसासारखी. माझ्या लहान भावाने तर बोट लावून विचारलं, ‘‘फुफी, तुले इथी काय झालं?’’ याडीने त्याला फटका दिला. त्या दिवसापासून फुफी ओढणी दोन्ही हातांवरून गुंडाळून घ्यायला लागली, ती वैशाखातसुद्धा. कापूस वेचायला गेली तरी तशीच, अंबाडीची भाजी चुलीवर ढवळतानाही तशीच. एकदा ओढणीचं टोक चुलीत गेलं तरी तिने हात उघडे केले नाहीत, तसंच चुरगाळून विझवलं. आम्ही घरात गोरमाटी, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. इथे मी सगळ्यांची बोलणी वऱ्हाडीत देते, कारण माझ्या स्वतःच्या नातवंडांनाच आता ती भाषा धड कळत नाही.

फुफीसारखी गाणी तांड्यात कोणाला येत नव्हती आणि तिच्यासारखं मण्यांचं काम तर नाहीच. काचेचे मणी, कवड्या, आरसे ती कापडावर अशी बसवायची की उलट्या बाजूने बघितलं तरी टाके एका ओळीत. पण ते सगळं दुसऱ्यांसाठी. श्रावणात तीज आली की आम्ही लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरायचो, नऊ दिवस पाणी घालायचो आणि रोज संध्याकाळी फेर धरायचो. गाणं सांगायला मोठी बाई लागायची. फुफी माहेरी आली त्या पहिल्या तिजेला मुलींनी तिला बोलावलं, तर ती दाराआडून गाणं सांगत बसली. फेरात हात वर करून टाळी द्यावी लागते, आणि तिला हात वर करायचे नव्हते. दाराआडून आलेलं ते गाणं ऐकून मला राग आला. कोणाचा राग ते तेव्हा कळत नव्हतं. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि मला फक्त एवढं हवं होतं की फुफीने फेरात यावं.

पांढरकवड्याच्या बाजारात, ट्रक थांबत त्या जागेपाशी, रहीमचाचा टायरच्या चपला करायचा. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांची झिजलेली टायरं त्याच्याकडे येऊन पडत. बापूच्या चपला सांधायला दिल्या होत्या, आणि मी त्याच्या पुढ्यात उकिडवी बसून त्याचं काम बघत होते. टायरची कड त्याने कापून बाजूला टाकली. त्या कडेच्या रबरात तारांची जुडी असते. पोरं ती कडी काठीने गरागरा फिरवत नेत. एका कडीतून एक तार सुटली होती, तांब्यासारखी चमकणारी. मी ती ओढून सरळ केली, सोडली, तर ती सणकन पुन्हा गोल झाली. पुन्हा ओढली, पुन्हा गोल. मी किती वेळ तेच करत होते देव जाणे.

‘‘ले जा बेटी,’’ रहीमचाचा म्हणाला. ‘‘लेकिन संभालके. ये तार किसी के बाप की नहीं सुनती.’’

मला ती तार आवडली ती याच वाक्यामुळे, हे मी कबूल करते. मी एक अख्खी कडी खांद्यात अडकवून घरी आणली.

मागच्या दिवाळीत माझ्या नातीने यवतमाळच्या कुठल्याशा प्रदर्शनातून मण्यांचं एक वेटोळं आणलं. हातात घातलं की आपोआप मनगटाला बसतं, फासा नको, टाचणी नको. ‘‘आजी, याला मेमरी वायर म्हणतात,’’ ती मला समजावून सांगायला लागली. तिला वाटलं, म्हातारीला नवीन काहीतरी दाखवतेय. मी आपलं ऐकून घेतलं आणि मग माझा हात पुढे केला.

पण ते आता. तेव्हा माझी नुसती ओढाताण होती. ती कडी मोठी, गाडीच्या चाकाएवढी, आणि मला हवं होतं मनगटाएवढं. दगडाने रबर ठेचून तारा मोकळ्या केल्या. तोडायला याडीचा विळा घेतला, तर विळ्यालाच खाच पडली आणि तार जशीच्या तशी. याडीने मला त्या विळ्याच्या मुठीने बदडलं. फुफी हे सगळं बघत होती. तिने तार हातात घेतली, वाकवून पाहिली आणि म्हणाली, ‘‘तापव न, जमनी. लाख तापवूनच वळते, चांदी तापवूनच वळते. हे काय येगळं हाय काय?’’

आमच्या दोघींना दागिन्याचं जे काही माहीत होतं ते आगीपाशीच शिकलेलं. भाकरी थापणाऱ्या याडीच्या समोरच आम्ही तार चुलीत घातली. लाल झाली, मऊ झाली, फुफीने ती चिमट्याने वाटीभोवती छान गोल वळवली. गार झाल्यावर मी मोठ्या दिमाखात हातात घातली. घालताना जी फाकली ती फाकलीच. दाबली की दबायची, ओढली की लांबायची, जिथे सोडू तिथे पडून राहायची. तिच्यातला जीवच गेला होता. फुफीने ती दोन बोटांत धरून हलवली आणि हसली. ती हसलेली मी कित्येक महिन्यांनी पाहत होते. ‘‘अव माय,’’ ती म्हणाली, ‘‘आगीनं तं हिले पार नांदवून टाकलं.’’

दुसऱ्या बाजाराला रहीमचाचाने सांगितलं की ही तार कापायची नसते, कानशीने खाच पाडून मोडायची असते, आणि वळवायची ती थंडच. ‘‘आग दिखाई तो गई काम से,’’ तो म्हणाला. त्याने एक झिजलेली कानस आणि एक तुटक्या मुठीची पक्कड मला देऊन टाकली. घरी आल्यावर आम्ही कुऱ्हाडीच्या दांड्याभोवती तार गुंडाळली. सोडल्यावर ती उसळून मांडीएवढी झाली. मग बापूची सब्बल, दांड्याहून बारीक लोखंडी पहार, काढली. फुफी खाली बसून सब्बल दोन्ही हातांनी फिरवायची आणि मी पाय रोवून पक्कडीने तार ताणून धरायची. पक्कड निसटली तर तार चाबकासारखी अंगावर येई. माझ्या हनुवटीखाली अजून वळ आहे. अंगाला अंग लावून पंधरा वेढे बसले. सोडले तर ती उसळून उघडली आणि बरोबर फुफीच्या मनगटाएवढी होऊन थांबली. फुफीने घाईघाईत ओढणी बाजूला टाकली होती. तिचे दोन्ही हात उघडे होते आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं.

मणी कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. मी बापूकडे हट्ट धरणार तोच फुफीने गाठोडं सोडलं, तिची लग्नातली काचळी, मणी-आरशांनी भरलेली चोळी, काढली आणि सुईने एक एक मणी उसवायला सुरुवात केली. याडी म्हणाली, ‘‘बाई, लगनाची काचळी व्हय ते.’’ फुफी मान वर न करता म्हणाली, ‘‘मंग मीच टाचलेली हाय. माह्या हातानं टाचली, माह्या हातानं उसवतो.’’ ज्याचं भोक बारीक तो मणी बाजूला, ज्यातून तार जाईल तो वाटीत. लाल, पांढरा, काळा, मध्ये जरा मोठा हिरवा. टोकं पक्कडीने वळवताना मला रडू आलं, इतकी ती तार हट्टी. संध्याकाळी फुफीने ते वेटोळं हातात चढवलं. ते मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत गेलं आणि फिकट कातडीवर नीट बसलं. दुसऱ्या हातासाठी आम्ही लगेच दुसरं केलं.

पुढच्या वर्षीच्या तिजेला फुफी फेरात आली. हात वर करून तिने टाळी दिली आणि मण्यांचा बारीक सळसळ आवाज झाला, हाडाच्या चुड्यासारखा नाही, वेगळाच. शेवटच्या दिवशी तिने गळवाणीसाठी, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या पातळ खिरीसाठी, गूळ किसला, सगळ्या पोरींना वाटीवाटीने वाढली, आणि मी तर तीन वेळा घेतली. मला वाटलं, संपलं, झालं माझं काम. मी मूर्ख होते. दोन तांड्यांत सोयरीक असली की बातमी पायी चालत नाही, उडत जाते.

आठवड्याभरात फुफीचा दीर थावरू दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. माणूस दिसायला वाईट नव्हता, पागोटं स्वच्छ, आवाज मऊ. तो म्हणाला, बाईच्या हातात चुडा दिसतो असं ऐकलं. चांगली गोष्ट आहे. बाईला घर पाहिजे असेल तर घर आमचंच आहे. आम्ही न्यायला आलो. भांडायला आला असता तर परवडलं असतं. रीत त्याच्या बाजूने होती. विधवेने चुडा घातला म्हणजे ती घर मागते, आणि घर म्हणजे दिराचं. चुडा नसता तर त्याला तिला न्यायचं काही कारण नव्हतं. म्हणजे मी माझ्या हाताने वळलेल्या त्या तारेने फुफीला परत त्याच्या दारात ढकललं होतं. हे मला त्या क्षणी कळलं.

नायकाच्या दारच्या कडुनिंबाखाली पंच बसायचे ठरले. निघण्याआधी बापू फुफीला म्हणाला, ‘‘बाई, काढून ठेव न चार दिवस. कायले झगडा पायजे?’’

‘‘चार दिवस काढतो,’’ फुफी म्हणाली. ‘‘पाचव्या दिवशी घालू देशीन काय?’’

बापू पायात चपला सरकवून निघाला. माझा बाप प्रेमळ होता, पण त्याचं प्रेम नेहमी थोडं मागे उभं राहायचं. मी त्याला त्यासाठी माफ केलं आहे, विसरले मात्र नाही.

कडुनिंबाखाली लच्छू नायक खाटेवर बसला होता. समोर चिलमीसाठी गोवऱ्यांचा विस्तव फुललेला. फुफी ओढणी न गुंडाळता आली, दोन्ही हात उघडे, कोपरापर्यंत मणी. बायका लांब उभ्या होत्या आणि मी त्यांच्या पुढे.

‘‘गमली,’’ नायक म्हणाला, ‘‘हे कोनाच्या नावाचं घातलं?’’

‘‘कोनाच्याच नाई.’’

‘‘चुडा कोनाच्या तरी नावाचाच राह्यते.’’

‘‘चुडा राह्यते, नायक. हे चुडा नाई. हे ट्रकाच्या टायरातली तार हाय, बजारातून जमनीनं आनली. आता हिच्यापायी नांदाले जाच लागत असन तं मले ट्रकाच्या घरी धाडा. थो तरी हैदराबाद दाखवीन.’’

आधी बायका हसल्या, मग म्हातारे, मग खुद्द नायकाला ठसका लागला. थावरूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा वेळ मऊ बोलणारा तो माणूस उठला, फुफीचा हात धरून त्याने एक वेटोळं ओढून काढलं आणि म्हणाला, ‘‘चुडा नाई न? मंग हे घ्या, मोडून टाकतो.’’

त्याने दोन्ही हातांनी ते ताणलं. टोकाची वळी उलगडली आणि लग्नाच्या काचळीचे मणी टपाटप धुळीत पडले. तार सरळ झाली. त्याने सोडली, तर ती सणकन गोल झाली. त्याने पायाखाली घेतली, टाच फिरवली, पाय उचलला. तार उडून पुन्हा गोल. दगड घेतला, आपटला. दगडाचा टवका उडाला. तांड्यातली पोरं टाळ्या पिटायला लागली. थावरूचं बोट फाटून रक्त आलं, आणि त्याला स्वतःलाच कळेना की आता थांबावं कसं.

त्या सगळ्या वेळात माझे डोळे मात्र एकाच जागी होते. त्याच्यापासून दोन हातांवर नायकाचा विस्तव होता. त्याने नुसती तार त्यात टाकली असती, चिलीम भरायला लागतो तेवढा वेळ, तर तिचा सगळा हट्ट संपला असता आणि कोणीही ती वाकवून चुलीपाशी फेकली असती. तिथे जमलेल्या माणसांत हे तिघांनाच माहीत होतं: मला, फुफीला, आणि विळ्याचा राग अजून न गेलेल्या माझ्या याडीला. मी याडीकडे पाहिलं. ती पुढे झाली, ‘‘धग लई होऊन राह्यली,’’ म्हणाली, आणि शांतपणे पायाने विस्तवावर राख लोटली. मग पुन्हा बायकांत जाऊन उभी राहिली. याडी माझ्यावर प्रेम करते हे मला कधी कोणी सांगायची गरज पडली नाही, त्याचं कारण ती राख आहे.

नायकाने हात वर केला. ‘‘बस थावरू. आता मी बोलतो. नवरा मेला का चुडा फोडतात. फुटते म्हून त्याले चुडा म्हनतात. हे तं तूनंच समद्यायच्या पुढं फोडून पायलं, अन् हे फुटत नाई. जे फुटत नाई ते चुडा कसं?’’

थावरूसोबत आलेले दोन म्हातारे धोतर झटकून उठले. रीत आता फिरून थावरूलाच धरून बसली होती. आमच्या घरी त्यांना भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला, पाहुणचारात काही कमी केलं नाही, आणि उन्हं उतरायच्या आत ते गेले. थावरूच्या बोटाला फुफीनेच हळद लावून चिंधी बांधली. मला ते अजिबात आवडलं नाही. मी तिला तसं म्हटलंही. ‘‘रगत निघून राह्यलं होतं त्याचं,’’ ती एवढंच म्हणाली, आणि धुळीतले मणी वेचायला बसली. सात सापडले नाहीत. त्या वेटोळ्यात शेवटपर्यंत सात मण्यांची जागा मोकळी राहिली. दुसरे मणी घालायला ती तयारच झाली नाही.

फुफी म्हातारी होऊन गेली. पुन्हा कोणाच्या घरात बसली नाही, पण आमच्या तांड्यातल्या आणि आजूबाजूच्या कितीतरी विधवांच्या हातांवर तिने सब्बलीवर वळलेली तार चढवली. ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, असू दे हातात, तिच्यासोबत जाऊ दे. मी नाही म्हणाले आणि तिच्या दोन्ही हातांतली तार काढून घेतली. लोकांना वाटलं, भाचीचा जीव दागिन्यात अडकला. वाटो. चितेत त्या तारेचं काय झालं असतं हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून ती माझ्या हातात, काचेच्या बांगड्यांमागे बसली.

सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. आवारात बायकांनी मला पाटावर बसवलं आणि एकीने वरवंटा आणला. काचेच्या बांगड्या फुटल्या, मी फुटू दिल्या. त्या त्यांच्या नावाच्या होत्या. मग वरवंटा तारेवर आला. एकदा, दोनदा. मणी चुरडले, तार तशीच. त्या बाईने घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, ‘‘माय, याचं आता काय करावं?’’ तिच्या मागे आंघोळीच्या पाण्याची चूल धडधडून पेटलेली होती. मी हात मागे घेतला आणि म्हणाले, ‘‘हिले काईच होत नाई. राहू दे.’’